धरणे आणि सोडणे : जीवाणूंच्या अन्नवाहक प्रथिनांची घडण

भाषेच्या अभ्यासकाने प्रथिनांच्या घडणीविषयी लिहावे, याचे कित्येकांस नवल वाटेल. तेव्हा त्याचे कारण प्रारंभीच सांगून टाकणे बरे. शास्त्रीय परिभाषा मराठीत आणण्याचे काम आपणांपैकी पुष्कळांच्या वाट्यास केव्हा ना केव्हा येते. अशा वेळी इंग्रजी संज्ञेची फोड करावयाची, तिच्या घटकांना संस्कृत प्रतिशब्द शोधावयाचे आणि ते जोडून द्यावयाचे, अशी आपली सर्वसाधारण रीत आहे. रीत सोयीची खरी. पण मूळ संज्ञा वस्तूचे यथार्थ वर्णन करते, असे तीत गृहीत धरलेले असते. वस्तुतः संज्ञा बहुधा वस्तूविषयी फार थोडे ठाऊक असताना ठेवली जाते. वस्तूचे स्वरूप पुढे उलगडत जाते आणि नाव मात्र मागेच राहते. जीवाणूंच्या पेशीत अन्नद्रव्ये आणणाऱ्या प्रथिनांच्या नावांचा इतिहास या दृष्टीने फार उद्बोधक आहे. इंग्रजीत त्यांतील एका मोठ्या वर्गास ‘बाइंडिंग प्रोटीन’ म्हणतात आणि आपणही सहजच ‘बंधक प्रथिन’ म्हणून मोकळे होतो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, या प्रथिनांची घडण पाहिली असता ‘बंधन’ हा त्यांच्या कार्याचा केवळ अर्धा भाग ठरतो. ज्या घडणीमुळे ती धरतात, त्याच घडणीत सोडण्याचीही तजवीज आहे.

प्रथम जीवाणूपुढील अडचण कोणती, ती पाहू. आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जीवाणू घेतला, तर त्याच्या पेशीभोवती दोन पटले असतात. बाहेरचे पटल जाळीसारखे म्हणता येईल. त्यात ‘पोरिन’ नावाची नळीसारखी प्रथिने बसविलेली असतात. सोळा पट्ट्या उभ्या जोडून केलेल्या पिंपाप्रमाणे त्यांची रचना असते, आणि अशी तीन पिंपे एकत्र येऊन एक पोरिन बनते. सुमारे ६०० डाल्टनपर्यंतचे लहान रेणू या भोकांतून पाण्याबरोबर ये-जा करतात. आतले पटल मात्र सलग असते. ते मेदद्रव्याच्या दुहेरी थराचे असल्यामुळे शर्करा, फॉस्फेट, अमायनो आम्ले यांसारखे पाण्यात रमणारे रेणू त्यातून आपणहून जाऊ शकत नाहीत. शिवाय बाहेर ही द्रव्ये अत्यंत विरळ असतात, तर पेशीला ती आत साठवावयाची असतात. म्हणजे काम दुहेरी आहे : विरळातून नेमके वेचणे, आणि वेचलेले चढावर वाहून नेणे. दोन पटलांच्या मध्ये जो चिंचोळा अवकाश उरतो, तेथे आपल्या लेखाचे नायक वावरतात.

या वाहतुकीमागे प्रथिनच असले पाहिजे, हे ते प्रथिन कोणीही पाहिलेले नसताना सांगितले गेले. १९५६ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत रिकेनबर्ग, कोहेन, ब्युतँ व मोनो यांनी ‘पर्मिएज’ ही संज्ञा पुढे केली. त्यांच्यापुढे असे काही जीवाणू होते की, दुग्धशर्करा फोडणारे विकर त्यांच्या पोटात असूनही बाहेरच्या दुग्धशर्करेचा त्यांना उपयोग करता येत नव्हता. अशा वाणांना ‘गूढ’ असे म्हटले जाई. उलट निरोगी वाणात, जिचे पचन होऊ शकत नाही अशी शर्करासदृश द्रव्येही आत साठत जात. ही साठवण्याची शक्ती विशिष्ट द्रव्यापुरतीच मर्यादित होती. तिला कमाल मर्यादा होती. आणि नवीन प्रथिने बनविणे थांबविले की ती निर्माण होत नसे. यावरून पटलात एखादे खास प्रथिन असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि त्यास नाव दिले. आपल्या दृष्टीने मौज आहे ती प्रत्ययात. ‘-एज’ हा प्रत्यय विकरांच्या नावांचा. तो लावताच, हे प्रथिन विकरासारखे वागते, असे एक विधान नावातच गुंफले गेले. वस्तुतः विकर द्रव्याचे रूपांतर करते. हे प्रथिन द्रव्याचे केवळ स्थानांतर करते. पुढे १९६५ साली फॉक्स व केनेडी यांनी या प्रथिनावर रासायनिक खूण उमटवून ते पटलात असल्याचे दाखविले, आणि त्याची त्रिमिती घडण तर २००३ साली प्रकाशात आली. नाव आणि दर्शन यांत ४७ वर्षांचे अंतर पडले. नाव मात्र त्या प्रत्ययासह टिकून राहिले.

दुग्धशर्करेचे हे प्रथिन एकटेच काम करते. हायड्रोजनच्या एका प्रभारित कणाबरोबर ते शर्करेस आत ओढते. आपणांस ज्यांच्याविषयी बोलावयाचे आहे ती प्रथिने निराळ्या घराण्यातली. त्यांचा शोध लागला तो काहीशा आडवाटेने. १९६५ साली अमेरिकेत न्यू व हेपेल यांनी एक रीत वर्णिली. जीवाणू प्रथम साखरेच्या दाट द्रावणात ठेवावयाचे व मग एकाएकी थंड, पातळ पाण्यात टाकावयाचे. या धक्क्याने जीवाणू मरत नाहीत. परंतु बाहेरचे पटल सैल होऊन मधल्या अवकाशातील प्रथिने धुऊन निघतात. असे धुतलेले जीवाणू काही द्रव्ये पूर्वीसारखीच घेतात. काहींच्या बाबतीत मात्र त्यांची शक्ती मोठ्या प्रमाणात नष्ट होते. मग धुवणात काय गेले, असा प्रश्न साहजिकच उद्भवला. १९६६ साली पार्डी व त्यांचे सहकारी यांनी साल्मोनेला जीवाणूच्या धुवणातून सल्फेट धरून ठेवणारे प्रथिन वेगळे केले. त्याच वर्षी पिपर्नो व ऑक्झेंडर यांना ल्यूसीन धरणारे प्रथिन मिळाले. धुवणातील प्रथिन विशिष्ट द्रव्याला धरते, एवढेच त्या वेळी परीक्षानळीत दिसत होते. ते काही वाहून नेताना दिसत नव्हते. म्हणून त्याचे नाव ‘धरणारे’ असे पडले. प्रयोगशाळेत जो गुण मोजता आला, त्याचे ते नाव आहे. पेशीत ते काय करते, याविषयी नाव काहीच सांगत नाही.

आता घडणीकडे वळू. क्ष-किरणांच्या साहाय्याने या प्रथिनांचे स्फटिक वाचण्याचे काम कोणी एकनिष्ठेने केले असेल, तर ते ह्यूस्टन येथील फ्लोरान्ते क्योचो व त्यांच्या सहकाऱ्यांनी. अरॅबिनोज ही शर्करा धरणाऱ्या प्रथिनाची रूपरेषा त्यांनी १९७० नंतरच्या दशकात मांडली, आणि १९८४ साली तीच १.७ अँगस्ट्रॉम इतक्या सूक्ष्मतेने दाखविली. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग.) तदनंतर सल्फेट, फॉस्फेट, माल्टोज इत्यादींची प्रथिने एकामागून एक उजेडात आली. आश्चर्य असे की, धरावयाची वस्तू इतकी भिन्न असूनही सर्वांची ठेवण एकच निघाली. प्रत्येक प्रथिन दोन गोलार्धांचे असते. प्रत्येक गोलार्धाच्या गाभ्यात प्रथिनाच्या साखळीचे पट्टे शेजारी शेजारी बसून एक पाट तयार होतो, आणि त्या पाटाच्या दोन्ही अंगांना साखळीच्याच मळसूत्री गुंडाळ्या असतात. दोन्ही गोलार्धांना जोडणारे दोन किंवा तीन दुवे एकाच कडेला असतात. त्यामुळे समोरच्या बाजूस खोल फट राहते. शिंपल्याच्या दोन पाळ्या डोळ्यांपुढे आणाव्या, म्हणजे ही रचना ध्यानात येईल. धरावयाचा रेणू बसतो तो या फटीत.

माल्टोज धरणारे प्रथिन ३७० अमायनो आम्लांचे असते. त्याच्या फटीत दोन प्रकारचे हात आहेत, असे म्हणता येईल. शर्करेच्या कडांना जे हायड्रॉक्सिल गट असतात, त्यांना दोन्ही गोलार्धांतून आलेले हायड्रोजन बंध पकडतात. आणि शर्करेच्या सपाट पृष्ठांवर ट्रिप्टोफॅन व टायरोसीन यांची चपटी वलये ताटावर ताट ठेवावे तशी बसतात. यांतला एकही बंध स्वतंत्रपणे पाहिला असता बळकट नाही. परंतु ते सर्व एका वेळी, योग्य जागी जुळले म्हणजे पकड अशी बसते की, एक लिटर पाण्यात सुमारे एक तृतीयांश मिलिग्रॅम माल्टोज असला तरी निम्मी प्रथिने भरलेली आढळतात.

या पकडीचे खरे मर्म मात्र गोलार्धांच्या हालचालीत आहे. १९९२ साली याच प्रथिनाचा शर्करेवाचूनचा स्फटिक वाचला गेला, तेव्हा फट उघडी दिसली. शर्करेसह ती मिटलेली असते. या दोन स्थितींत एक गोलार्ध दुसऱ्याच्या संदर्भात सुमारे ३५ अंश फिरलेला असतो. गोलार्ध स्वतः जवळजवळ जसेच्या तसे राहतात. फरक पडतो तो जोडणाऱ्या दुव्यांतील मोजक्या अमायनो आम्लांच्या कोनांत. साखळीच्या कण्यातील हे कोन कोणत्या मर्यादेत फिरू शकतात, हे मद्रास येथे गो. ना. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ सालीच आलेख मांडून दाखविले होते. त्या आलेखातील लहानशा सरकण्याने दाराचे बिजागर फिरावे तसे हे प्रथिन उघडते व मिटते.

येथे रूपकांविषयी थोडे बोलणे अवश्य आहे. कारण या शास्त्राने ती भराभर बदलली आहेत. एमील फिशर यांनी १८९४ साली विकर व त्याचे द्रव्य यांस कुलूप-किल्लीची उपमा दिली. तीत दोन्ही वस्तू ताठ आहेत. १९५८ साली कोशलंड यांनी, द्रव्य येताच प्रथिन आपला आकार बदलते, असे मांडले. १९८२ साली अरॅबिनोजच्या प्रथिनाविषयी ‘व्हीनस फ्लायट्रॅप’ या कीटकभक्षी वनस्पतीची उपमा आली : पानाच्या दोन पाळ्या उघड्या असतात, माशी बसते आणि पाळ्या मिटतात. ही उपमा अतिशय लोकप्रिय झाली व अजूनही पाठ्यपुस्तकांत आहे. माझ्या मते तीत एक उणीव आहे. माशी बसेपर्यंत ते पान स्वस्थ असते, असे ती सुचविते. माल्टोजच्या प्रथिनावर २००७ साली चुंबकीय अनुस्पंदनाच्या रीतीने जे निरीक्षण प्रसिद्ध झाले, त्यात शर्करा मुळीच नसतानाही सुमारे ५ टक्के रेणू अर्धवट मिटलेल्या स्थितीत आढळले. म्हणजे प्रथिन आपले आपणच उघडझाप करीत असते. शर्करा आली की मिटलेली स्थिती स्थिर होते. शर्करा ही हालचाल उत्पन्न करीत नाही. ती हालचालीतील एका स्थितीस पसंती देते. जिज्ञासूंनी हा भेद बारीक म्हणून सोडून देऊ नये. पुढे सोडण्याचा प्रश्न येतो तेव्हा याचाच उपयोग होतो.

आता निवडीविषयी. फॉस्फेट व सल्फेट यांची प्रथिने शेजारी ठेवून पाहिली की भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास आपल्या ओळखीचे काही भेटल्यासारखे वाटेल. हे दोन्ही रेणू आकाराने जवळजवळ सारखे : मध्ये एक अणू, भोवती चार ऑक्सिजन, आणि ऋण विद्युत्भार. फरक इतकाच की, पेशीच्या साधारण परिस्थितीत फॉस्फेटच्या अंगावर एखादा हायड्रोजन उरलेला असतो, सल्फेटच्या अंगावर नसतो. सल्फेट धरणाऱ्या प्रथिनाची घडण १९८५ साली प्रसिद्ध झाली. त्याच्या फटीत सल्फेटला सात हायड्रोजन बंध धरतात, आणि त्या सातांतही हायड्रोजन पुरविणारी बाजू प्रथिनाची असते. ऋण भारास सावरण्यासाठी समोर एखादा धन भार असेल अशी अपेक्षा होती. तो तेथे नाही, पाण्याचा रेणूही नाही. फॉस्फेटच्या प्रथिनात बारा हायड्रोजन बंध आहेत. त्यांपैकी एकाची दिशा उलटी आहे : तेथे प्रथिनाचे एक ॲस्पार्टिक आम्ल स्वतः ऋणभारित असून ते फॉस्फेटच्या अंगावरील हायड्रोजन स्वीकारते. सल्फेट तेथे आले तर त्याच्याजवळ देण्यास हायड्रोजन नाही. मग ऋणासमोर ऋण येऊन ते लोटले जाते. उलट फॉस्फेट सल्फेटच्या फटीत गेले, तर त्याच्या अंगावरील हायड्रोजन घेण्यास तेथे कोणी नाही. आपल्या ‘ताट’ आणि ‘थाट’ या जोडीत जसा केवळ महाप्राणत्वाचा भेद असतो आणि तेवढ्याने अर्थ पालटतो, तशीच ही जोडी आहे. बाकी सारे समान असताना एक लक्षण आहे किंवा नाही, एवढ्यावर निर्णय. १९९० साली क्योचो व ल्यूके यांनी हे दाखविले.

याहून कठीण परीक्षा आर्सेनेटची. सोमलातील आर्सेनिकपासून होणारे हे द्रव्य फॉस्फेटशी इतके मिळतेजुळते असते की त्रिज्येत फरक अवघा ४ टक्क्यांचा. आणि हायड्रोजनचे लक्षणही दोघांत समान. फॉस्फेट वापरणारी विकरे येथे सर्रास फसतात, म्हणूनच ते विष होय. परंतु २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की, फॉस्फेट धरणारी जी प्रथिने तपासली गेली ती आर्सेनेटपेक्षा फॉस्फेटला किमान ५०० पटींनी अधिक पसंती देतात. कॅलिफोर्नियातील आर्सेनिकयुक्त मोनो सरोवरातील एका जीवाणूच्या प्रथिनात तर हे प्रमाण सुमारे ४,५०० पट भरले. वर ज्या उलट्या बंधाचा उल्लेख केला तोच येथेही निर्णायक ठरतो : किंचित मोठ्या आर्सेनेटमुळे त्या एका बंधाचा कोन बिघडतो. हा तोच जीवाणू, ज्याच्या जननद्रव्यात फॉस्फरसऐवजी आर्सेनिक बसते असा दावा २०१० साली मोठ्या गाजावाजाने करण्यात आला होता. तो दावा पुढील प्रयोगांत टिकला नाही, आणि तो छापणाऱ्या नियतकालिकाने २०२५ साली तो लेख मागे घेतला. विषाच्या सान्निध्यात राहणारा जीव विषाशी समेट करतो अशी कल्पना रम्य होती. प्रथिनाची घडण सांगते ती गोष्ट निराळी. तेथे निवड अधिक कडक झाली आहे.

मात्र प्रत्येक प्रथिन इतके चोखंदळ असतेच असे नाही. साल्मोनेलाचे एक प्रथिन दोन ते पाच अमायनो आम्लांचे तुकडे धरते, आणि ती अमायनो आम्ले कोणती याची फारशी चौकशी करीत नाही. १९९४ साली यॉर्क येथील संशोधकांनी त्याची घडण प्रसिद्ध केली. तुकड्याचा कणा प्रथिन घट्ट धरते. बाजूस निघणाऱ्या शाखांसाठी मात्र ऐसपैस खोबणी असून त्यांत पाण्याचे रेणू भरलेले असतात. शाखा लहान असो वा मोठी, पाणी थोडे सरकून तिला जागा करून देते. षष्ठीचा प्रत्यय नामाच्या अर्थाची चौकशी करीत नाही, सामान्यरूप मिळाले की पुरे, तसेच हे. म्हणून ‘विशिष्ट’ हा शब्द या प्रथिनांना सरसकट लावण्यापूर्वी कशाच्या बाबतीत विशिष्ट, असे विचारले पाहिजे.

येथवर धरण्याचा विचार झाला. सोडण्याचा प्रश्न खरोखर अधिक बिकट आहे. जे इतके नेमके धरते, ते योग्य ठिकाणी सोडते कसे? आतल्या पटलात या प्रथिनाचा जोडीदार असतो. माल्टोजच्या बाबतीत तो चार घटकांचा आहे : मालएफ व मालजी ही पटलातून आरपार जाणारी दोन प्रथिने, आणि पेशीच्या आतल्या अंगास मालके या प्रथिनाच्या दोन प्रती. एटीपी हे पेशीचे ऊर्जाद्रव्य या शेवटच्या दोन प्रती वापरतात. अशा घटकांचा वंश फार मोठा असून, ई. कोलायमध्ये असे सुमारे ८० प्रथिनघटक आहेत. त्यांना जननद्रव्याचा जवळजवळ पाच टक्के भाग लागतो. ल्यूसीन, सेरीन, ग्लायसीन, ग्लायसीन, ग्लूटामीन असा पाच अमायनो आम्लांचा ठरावीक क्रम त्यांच्यात पुनःपुन्हा येतो, आणि शास्त्रज्ञ त्यास ‘स्वाक्षरी’ म्हणतात.

पर्ड्यू विद्यापीठातील च्वे चेन, एमी डेव्हिडसन आणि क्योचो यांच्या गटाने २००७ साली या संपूर्ण यंत्राची घडण, माल्टोजच्या प्रथिनासह, प्रसिद्ध केली. यंत्र मध्येच थांबावे म्हणून त्यांनी मालकेमधील एक अमायनो आम्ल बदलून ठेवले होते. त्यामुळे एटीपी धरला जाई, पण फुटत नसे. जे चित्र मिळाले ते पाहण्यासारखे आहे. एटीपीमुळे मालकेच्या दोन्ही प्रती एकमेकींस मिठी मारतात. त्याबरोबर पटलातील दोन्ही प्रथिनांची बाहेरची टोके फाकतात. आणि त्यांच्यावर बसलेल्या माल्टोजच्या प्रथिनाचे दोन्ही गोलार्ध त्यांच्याशी जखडलेले असल्यामुळे तेही फाकून उघडे होते. मालजीचा एक पळीसारखा वेढा वर येऊन शर्करेच्या जागेत शिरतो, आणि शर्करा खाली मालएफमधील पोकळीत गेलेली दिसते. वर प्रथिनाचेच झाकण असल्याने तिला परत बाहेर पडण्यास वाट नाही. मग एटीपी फुटतो, मालकेची मिठी सुटते, पोकळी आतल्या बाजूस उघडते. २०११ साली याच्या आधीची पायरीही मिळाली : प्रथिन पटलावर येऊन बसलेले, पण अद्याप मिटलेले. ज्या बिजागरामुळे पकड बसली होती, तेच बिजागर ऊर्जेच्या बळाने उलट फिरविले की पकड सुटते. सोडण्याकरिता प्रथिनात वेगळे कलम नाही.

या यंत्रात धरणाऱ्या प्रथिनाचे महत्त्व किती, हे पाहण्यास एक जुना प्रयोग उपयोगी पडतो. माल्टोजचे प्रथिन काढून टाकले तर वाहतूक बंद पडते. पण पटलातील प्रथिनांत काही बदल घडलेले असे वाण १९८५ साली वर्णिले गेले की, ज्यांत त्या प्रथिनावाचूनही माल्टोज आत जाते; फक्त त्यासाठी बाहेर सुमारे हजारपट अधिक माल्टोज लागते. म्हणजे वाट पटलात आहे, पण विरळातून वेचण्याची शक्ती या प्रथिनाची.

आणि माझ्या मुद्द्यास सर्वांत पोषक पुरावा तो सायक्लोडेक्स्ट्रिनचा. सात ग्लुकोजांचे कंकण असावे असे हे द्रव्य माल्टोजच्या प्रथिनाच्या फटीत बसते, चांगले घट्टही बसते. परंतु ते बसल्यावर फट मिटत नाही. १९९३ सालच्या घडणीत प्रथिन उघडेच दिसले. आणि हे द्रव्य पेशीत नेले जात नाही. बंधन झाले, पुढचे काहीच झाले नाही. तेव्हा वाहतुकीचा आरंभ बंधनापासून धरावयाचा की मिटण्यापासून, हा प्रश्न नुसत्या शब्दांचा राहत नाही.

या प्रथिनांची सोयरीक कोठवर पोहोचते, याचा उल्लेख थोडक्यात करतो. अमायनो आम्लांचा क्रम पाहिला तर अरॅबिनोज, ल्यूसीन, फॉस्फेट यांची प्रथिने एकमेकांची कोणी लागतात असे सहसा वाटणार नाही. घडण पाहिली की नाते डोळ्यांत भरते. ‘चक्र’ आणि इंग्रजी ‘व्हील’ यांत ध्वनिसाम्य उरलेले नाही, तरी ध्वनिनियमांच्या आधारे ते एकाच मूळ शब्दापर्यंत जातात, तसा हा प्रकार. १९८३ साली म्यूलर-हिल यांनी दुग्धशर्करेची जनुके दाबून ठेवणारे प्रथिन याच घराण्यातले असल्याचे दाखविले. म्हणजे जी ठेवण शर्करा वाहण्यास, तीच शर्करेची वर्दी देण्यास वापरली गेली. आपल्या मज्जातंतूंमध्ये ग्लूटामेट ओळखणाऱ्या ग्राहींचा बाहेरचा भागही असाच दोन पाळ्यांचा असून तोही मिटून कार्य करतो. तौलनिक पद्धतीचा अभ्यास केलेल्यांना एक सावधगिरी सुचेलच : साम्य वारशाने येते, उसनवारीने येते, आणि क्वचित गरजेनेही येते. जीवाणूंमध्ये जनुकांची उसनवारी तर नित्याचीच आहे.

राहिला संज्ञेचा प्रश्न. ‘बंधक’ या शब्दावर माझे तीन आक्षेप आहेत. रसायनशास्त्रात आपण ‘बंध’ हा शब्द अणूंच्या जोडणीस दिलेला आहे; इंग्रजीत तेथे ‘बाँड’ व ‘बाइंडिंग’ हा भेद पाळता येतो, मराठीत ‘बंध’ आणि ‘बंधक’ यांमुळे तो बुजतो. दुसरे, गहाणाच्या व्यवहारात ‘बंधक’ म्हणजे तारण; त्या अर्थाची छाया शास्त्रीय लेखनात नको. तिसरा आक्षेप सायक्लोडेक्स्ट्रिनने घेतला आहे. ‘ग्राहक’ हा शब्द दुकानदारांचा झाला, आणि ‘ग्रहणी’ वैद्यकाने आधीच घेतलेली आहे. म्हणून ‘ग्रहणप्रथिन’ असे सुचवावेसे वाटते. ‘ग्रहण’ या शब्दाबरोबर पंचांगातील सगळी अवस्थामालिका आपोआप येते, आणि ती या प्रथिनास चपखल बसते : रेणू एका पाळीस टेकतो तो स्पर्श, पाळ्या मिटतात ते संमीलन, रेणू पूर्णपणे झाकलेला असतो तो मध्य, पटलावर पाळ्या पुन्हा उघडतात ते उन्मीलन, आणि शर्करा पोकळीत उतरते तो मोक्ष. सायक्लोडेक्स्ट्रिनच्या बाबतीत स्पर्श होतो, संमीलन होत नाही, असे एका वाक्यात सांगता येते. इंग्रजीत त्यासाठी तीन वाक्ये लागतात.

एक अडचण शिल्लक राहते, ती नमूद करून ठेवतो. बी-१२ जीवनसत्त्व धरणाऱ्या प्रथिनाची घडण २००२ साली मिळाली. त्यात दोन पाळ्यांना जोडणारा दुवा लवचीक पट्ट्यांचा नसून एका ताठ मळसूत्री गुंडाळीचा आहे. पाळ्या फारशा हलत नाहीत, आणि तरीही ते जीवनसत्त्व अतिशय घट्ट धरतात. लोह व जस्त यांची काही प्रथिनेही याच वळणाची आहेत. त्यांच्याविषयी संमीलन-उन्मीलन ही पदे वापरता येणार नाहीत. खंडग्रास ग्रहणातही ही दोन पदे गाळून पंचांगकर्ते स्पर्श, मध्य आणि मोक्ष एवढेच देतात.